लहान कंपनी घेतल्याने बळ वाढतेच असे नाही

लहान प्रतिस्पर्ध्याला सामावून घेणे विमान कंपनीच्या हिताचेच, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मला पटत नाही. मुंबईच्या जेट एअरवेजने २००७ मध्ये एअर सहारा १,४५० कोटी रुपयांना घेतली. मार्ग आणि विमाने मिळाली, पण तोटाही पदरात आला. २०१९ मध्ये जेटची उड्डाणे थांबली. त्याला इतरही कारणे होती, तरी हे ओझे हलके नव्हते.

किंगफिशर एअरलाइन्सचे उदाहरण अधिक बोलके आहे. परदेशी उड्डाणासाठी तेव्हा पाच वर्षांच्या देशांतर्गत सेवेची अट होती. स्वस्त तिकिटांच्या एअर डेक्कनची सेवा २००३ मध्ये सुरू झालेली, म्हणून किंगफिशरने ती कंपनी घेतली. २००८ मध्ये लंडनची वाट मोकळी झाली. पण स्वस्त तिकिटामुळे आयुष्यात प्रथमच विमानात बसलेला डेक्कनचा प्रवासी किंगफिशरला सांभाळता आला नाही. २०१२ मध्ये सगळेच बंद पडले. इंडिगो मात्र कोणालाही न गिळता देशात पहिली झाली.

आम्हाला विमानासाठी जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. विलीनीकरणानंतर अशा फेऱ्याही घटण्याची भीती असते. म्हणून विलीनीकरणाला मंजुरी देताना स्पर्धा आयोगाने अशा लहान शहरांच्या फेऱ्या टिकवण्याची अट घालावी, ही माझी आग्रहाची मागणी आहे.

– एक वाचक, धामणगाव बढे (जि. बुलढाणा)