श्रमावर कर आहे, मग परवाना का नाही?

मुंबईत माझगावच्या जीएसटी भवनाला जुनी माणसे अजून विक्रीकर भवनच म्हणतात, पण तिथला कर आता फक्त विक्रीवरचा राहिलेला नाही. अॅपवरून मागवलेल्या जेवणावरचा ५ टक्के कर १ जानेवारी २०२२ पासून हॉटेलाऐवजी अॅपकंपनीला भरावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अॅपवरून होणाऱ्या घरपोच सेवेवरही १८ टक्के कर बसला आणि तो भरण्याची जबाबदारीही कंपनीवरच आली. शहरातल्या शहरात पोचवलेल्या ऑर्डरवरच्या या कराचा अर्धा वाटा राज्याचा असतो. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर पिशवी नेऊन देणाऱ्या मुलाच्या फेऱ्यांमागचा कर असा सरकारी हिशेबात येतो. पण ज्याच्या पायांवर हा कर उभा आहे, त्याला कोणत्या अटींवर राबवावे हे सांगणारा राज्याचा कायदा महाराष्ट्रात अजून नाही.

प्रवाशांची ने-आण करणाऱ्या अॅपकंपन्यांना मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्याचा परवाना घ्यावा लागतो. त्याच दुचाकीवर माणसाऐवजी बिर्याणीचा डबा ठेवला की अशा परवान्याचा प्रश्नच उरत नाही. हा फरक कोणी विचार करून केलेला नाही. धंदा कायद्याच्या पुढे धावला आणि सरकार मागे राहिले.

परवाना हाती असला की काय करता येते, हे धारावीत दिसले. जून २०२५ च्या सुरुवातीला अन्न व औषध प्रशासनाने तेथील झेप्टो या घरपोच किराणा अॅपच्या डार्क स्टोअरचा, म्हणजे फक्त अॅपच्या ऑर्डरसाठी चालणाऱ्या गोदामाचा, अन्नपरवाना निलंबित केला. तपासणीत काही खाद्यपदार्थांवर बुरशी आढळली होती, शीतगृहाचे तापमान राखलेले नव्हते, मुदत संपलेला माल वेगळा काढलेला नव्हता. निरीक्षक आत जाऊ शकला आणि शटर खाली ओढू शकला, कारण भिंतीवर एक परवाना होता आणि त्याच्या अटी मोडल्या होत्या. त्याच शटरबाहेर ऑर्डरची वाट पाहत उन्हापावसात उभ्या असलेल्या मुलांना बसायला बाक आहे का, लघवीला जागा आहे का, काल ज्याचा अॅपवरचा आयडी ब्लॉक होऊन काम बंद झाले त्याला कारण सांगितले का, हे विचारण्याचा अधिकार त्या निरीक्षकाला नव्हता. तो कोणालाच नाही. ग्राहकाच्या पोटासाठी परवाना आवश्यक ठरतो, मग जो ते अन्न आणून देतो त्याच्यासाठी तो जाचक कसा?

महाराष्ट्राने याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. भाऊच्या धक्क्यापासून बॅलार्ड पिअरपर्यंतच्या गोद्यांमध्ये एकेकाळी रोजंदारीची माणसे रोज सकाळी निवडली जात. जहाज लागले तर काम, नाही तर रिकाम्या हाताने घरी. मधले टोळीवाले मजुरीत हात मारत. ज्यांचे नाव आज तिथल्या रस्त्याला आहे, त्या पी. डिमेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी याविरुद्ध गोदी कामगार उभे केले. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने मालक आणि कामगार दोघांचीही नोंदणी करण्याची वाट मोकळी केली. पाळीने काम मिळू लागले, आणि हजेरी लावूनही काम न मिळाल्यास हजेरीभत्ता. लॉग-इन करून दोन तास ताटकळलेल्या डिलिव्हरी बॉयला आज त्या वेळेचा सहसा एक रुपयाही मिळत नाही. जवळजवळ पाऊण शतकापूर्वी हमालाने जिंकलेली गोष्ट त्याच्या नातवाला नव्याने मागावी लागावी, याची आम्हाला लाज वाटते.

पुढे माथाडी नेते अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. मालक रोज बदलतो, म्हणून कोणीच मालक नाही, ही पळवाट या कायद्याने बंद केली. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही (अधिभार) माथाडी मंडळात भरायची. मंडळ त्यातून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना यांची सोय करणार. १९८१ मध्ये हाच साचा सुरक्षारक्षकांसाठी वापरला गेला. माथाडी मंडळांना पुढे रोग जडले, बोगस माथाडींच्या नावाने खंडणीचे प्रकार झाले, हे खरे आहे आणि ते झाकू नये. पण जिथे प्रत्येक फेरी संगणकावर नोंदली जाते आणि पैसे थेट खात्यात जातात, तिथे खोटी नावे घुसवणे कितीतरी अवघड आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता अॅपकंपन्यांकडून त्यांच्या कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदान घेण्याची तरतूद करते. हे स्वागतार्ह आहे. मात्र अपघातानंतरची मदत आणि अपघात होऊ नये अशी कामाची रीत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगारमंत्री मनसुख मांडविया यांनी सांगितल्यावर ब्लिंकिटने ‘दहा मिनिटांत घरपोच’ हा दावा जाहिरातीतून काढला. सांगण्यावरून काढलेला शब्द उद्या परतही येऊ शकतो. परवान्याच्या अटीत तो बसला तर येणार नाही. अॅपवरच्या कामगारांसाठी राजस्थानने २०२३ मध्ये कायदा केला, कर्नाटकाने २०२५ मध्ये केला आणि कामावरून काढण्यापूर्वी १४ दिवसांची नोटीस बंधनकारक ठरवली. न्यूयॉर्क शहरात जेवण पोचवणाऱ्या अॅपना २०२२ पासून शहराचा परवाना लागतो, आणि ऑर्डर न्यायला आलेल्याला हॉटेलचे स्वच्छतागृह वापरू देणे भाग आहे.

यावर कंपन्या म्हणतील, खर्च वाढला की कामे कमी होतील. माथाडी कायद्याच्या वेळी मसाला आणि धान्य बाजारातही हीच भीती घातली गेली असणार. बाजार मशीद बंदरातून नवी मुंबईला गेला, बंद पडला नाही. ज्या फेरीवर सरकार १८ टक्के घेते, ती माथाडीच्या लेव्हीसारख्या कल्याणनिधीच्या आणखी एक-दोन टक्क्यांनी मोडून पडेल हे पटण्यासारखे नाही. आणि पडणार असेलच, तर सरकारने आपल्या वाट्यातून तेवढे सोडावे.

राज्य सरकारने येत्या अधिवेशनात परवान्याचे आणि माथाडीच्या धर्तीवरच्या मंडळाचे विधेयक आणावे. आयडी ब्लॉक करताना लेखी कारण आणि दाद मागण्याची जागा, थांबलेल्या वेळेचा मोबदला, प्रत्येक डार्क स्टोअरवर बसण्याची जागा, पाणी आणि स्त्रियांसाठीही स्वच्छतागृह, दुचाकी उभी करण्याची सोय, एवढ्या अटी त्यात असल्याच पाहिजेत. आणि त्या मोडल्या तर धारावीत झाली तशी निलंबनाची कारवाई करण्याचा अधिकार कामगार आयुक्तांना असावा. नोंदणीसाठी नवी यंत्रणा उभारायचीही गरज नाही. कराचा हिशेब माझगावला येतोच आहे, आणि फेऱ्यांचा हिशेब कंपन्यांच्या संगणकावर आहेच; तो या मंडळापर्यंत पोचवण्याची अट तेवढी घालायची आहे.