पाहुण्यांच्या बाजूचे तिकीट



या वेळचा विषय गणपतीचा नाही, दिवाळीच्या फराळाचा नाही, शाळेच्या फीचाही नाही. विषय आहे फुटबॉल, आणि तोही परगावी जाऊन बघायचा. "आपल्या अंकात फुटबॉल कशाला?" असे म्हणून पान उलटू नका. गोष्ट चेंडूची थोडी आणि आपली जास्त आहे.

आखातातल्या जुन्या मंडळींना परगावची मॅच म्हटली की शारजाचे क्रिकेट आठवते. १८ एप्रिल १९८६ रोजी मियांदादने चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर मारलेला षटकार अजून कितीतरी जणांच्या पोटात दुखतो. त्यावरचे औषध म्हणजे एप्रिल १९९८. सचिनने ऑस्ट्रेलियाविरुद्ध २२ तारखेला १४३ आणि २४ तारखेला, म्हणजे आपल्या वाढदिवशी, १३४ धावा काढल्या. या मॅचेस बघताना आपल्यापैकी कुणालाही एक प्रश्न कधी पडला नाही, तो म्हणजे आपली बाजू कुठली? भारताची. विषय संपला.

फुटबॉलने मात्र हा प्रश्न आपल्या घरात आणला, कारण तिथे भारतासमोर खुद्द बहरीनच उभे राहिले. आशियाई चषकात १४ जानेवारी २०११ रोजी दोहा येथे बहरीनने भारताला ५-२ असे हरवले, त्यात एकट्या इस्माईल अब्दुल्लतीफचे चार गोल. पुढे बरोबर आठ वर्षांनी, १४ जानेवारी २०१९ला, त्याच स्पर्धेत पुन्हा हीच जोडी, या वेळी शारजात. त्या मॅचला आम्ही सहकुटुंब गेलो होतो.

जाण्याआधी घरात जे झाले ते तुमच्याही घरी झाले असेल. आम्ही निळे शर्ट आणले. चिरंजीवांनी लाल काढला. जन्म सलमानियाच्या इस्पितळातला, मित्र इथले, गल्लीतला फुटबॉल इथला. "बाबा, भारतात मी वर्षातून एक महिना असतो. उरलेले अकरा महिने मी कुठे असतो?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. आजी पुण्याहून फोनवर म्हणाल्या, "अरे, निळा घाल की! आपला देश कुठला?" यालाही उत्तर नव्हते. शेवटी सौ.ने निकाल दिला, "ज्याला जो घालायचा तो घाला, पण वरून स्वेटर घाला. जानेवारीत रात्री गारठा असतो."

विमान दुबईला उतरले आणि खरी गंमत कळली. आमच्याच विमानातले बहरीनी तरुण, गळ्यात लाल मफलर, हातात फक्त ओळखपत्र, हसत हसत बाहेर पडले. आखाती देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे जायला तेवढे पुरते. आम्ही पासपोर्ट, व्हिसाचे कागद आणि बहरीनचे रेसिडेन्सी कार्ड घेऊन रांगेत. चिरंजीवांचा लाल शर्टही रांगेत. त्या अर्ध्या तासात तो काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही. पण बापाला कळायचे ते कळलेच.

मैदानावर मात्र उलटेच चित्र. अमिरातीत आपली माणसे किती हे सांगायला नको. निळ्या शर्टांनी स्टँड भरलेले, ढोल, घोषणा, आणि शेजारी बहुतेक सगळे मल्याळी. ज्यांच्या देशात आपण भाड्याने राहतो ते लालवाले एका बाजूला मूठभर! खरे म्हणजे शारजात दोन्ही संघ पाहुणेच. पण घरच्यासारखा आवाज होता आपला. चिरंजीव निळ्या गर्दीत लाल शर्ट घालून बसला. मागच्या एका काकांनी त्याला टोकले, "काय रे, चुकून इकडे आलास का?" तो म्हणाला, "नाही काका, आईबाबांबरोबर आलोय." काकांनी त्याला वेफर्सचे पाकीट दिले आणि विषय मिटला.

मॅचबद्दल थोडक्यात. भारताने पहिल्या सामन्यात थायलंडला ४-१ हरवले होते, मग अमिरातीकडून ०-२ हार. आता नुसती बरोबरी झाली तरी पुढच्या फेरीत प्रवेश होता. नव्वद मिनिटे बचाव केला, गुरप्रीतने गोल राखला, आणि जादा वेळेत पेनल्टी. जमाल रशीदने मारली. बहरीन १, भारत ०. तिकडे अमिरात आणि थायलंड यांची १-१ अशी बरोबरी झाल्याने भारत गटात तळाला गेला आणि स्पर्धेबाहेर. प्रशिक्षक कॉन्स्टंटाईन यांनी त्याच रात्री राजीनामा दिला. आमच्या रांगेत सगळे डोक्याला हात लावून बसले. चिरंजीव अर्धा उठला, आजूबाजूला पाहिले आणि परत खाली बसला. ओरडला नाही. त्या क्षणी आम्हाला हरल्याचे दुःख कमी आणि त्याच्या त्या अर्धवट उठण्याचे जास्त झाले. ज्याला स्वतःचा आनंद आईबापांच्या शेजारी गिळावा लागतो, त्याला आपण काय शिकवले?

मंडळी, इथेच आमचे म्हणणे आहे. आपण मुलांना विचारतो, "तू कुठला?" आणि उत्तर एकच हवे असते. पासपोर्ट भारताचा, तो खरा. इथे कितीही वर्षे काढली तरी आपण पाहुणे, तेही खरे. नोकरी संपली की व्हिसा संपतो हे कुणाला सांगायला नको. पण पाहुण्याला घरातल्या मुलांचा लळा लागत नाही का? मामाकडे सुट्टीत राहिलेले पोर मामाच्या गावच्या कबड्डी संघासाठी घसा फोडते, म्हणून त्याचे आडनाव बदलते का? मुलाने बहरीनसाठी टाळ्या वाजवल्या तर भारताचे काही कमी होत नाही. त्याला तोंड दाबून बसायला लावले तर मात्र घरातले नक्की कमी होते.

दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, संक्रांत होती. अदलियाला परतल्यावर तिळगुळाची वाटी घेऊन आम्ही खाली घरमालकांकडे गेलो आणि आधी "मबरूक" म्हटले. त्यांनी हात धरून बसवले, कावा दिला, आणि म्हणाले, "तुमचा गोलकीपर चांगला होता." एवढेच. जिंकलेल्याने कसे बोलावे हे त्यांच्याकडून शिकावे. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधल्या मल्याळी भाईंनी मात्र आठवडाभर पेनल्टीचा विषय सोडला नाही.

पुढे २३ मार्च २०२२ला भारताचा संघ इथेच बहरीनला आला. आपल्या मुंबईच्या राहुल भेकेने भारताचा गोल केला, तरी निकाल २-१ बहरीनच्या बाजूने. आता या मॅचला यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे ज्याने त्याने आपापल्या घरात ठरवावे!

आता कामाच्या गोष्टी, कारण बरेच जण विचारतात. परगावी मॅचला जायचे तर व्हिसा आधी, तिकीट नंतर. मुलांचेही कागद जवळ ठेवा. तिकीट काढताना कुठल्या बाजूचा स्टँड आहे ते बघूनच काढा. घरात दोन रंग असतील तर शक्यतो मधली जागा घ्या. अमिरातीचे घड्याळ आपल्यापुढे एक तास असते. रात्रीच्या मॅचनंतर शेवटचे विमान पकडायच्या फंदात पडू नका, शारजा-दुबई रस्त्यावरची गर्दी कुणाचे ऐकत नाही. झेंड्याची काठी, मोठ्या पिशव्या, घरचे डबे सहसा आत सोडत नाहीत, तेव्हा पोटोबा आधीच उरका. आणि सर्वांत महत्त्वाचे, समोरच्या संघाच्या राष्ट्रगीताला उभे राहा, गप्प राहा. लेकरे आपल्याकडे बघत असतात.

पुढचा आशियाई चषक जानेवारी २०२७ मध्ये सौदी अरेबियात ठरलेला आहे, आणि मैदानांच्या यादीत पुलापलीकडचे अल खोबरही आहे. बहरीन पात्र ठरले आहे. भारत नाही, ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ हरल्यावर ती आशा संपली. म्हणजे या खेपेला निळा शर्ट कपाटातच राहणार. बहरीनची मॅच खोबरला लागली तर गाडीने जाता येईल. तेव्हा लाल मफलर गळ्यात घालून पाहुण्यांच्या बाजूला बसायला आमची हरकत नाही. चिरंजीव आता कॉलेजसाठी पुण्यात आहेत. त्यांनी फोनवर बजावले आहे, "बाबा, माझं तिकीट काढून ठेवा. आणि या वेळी तुम्ही पण ओरडायचं, बरं का!"

तुमच्या घरात कुठला रंग आहे ते जरूर कळवा. तूर्त इतकेच.