आधी स्पीकरची जागा

मॉडेल रेल्वेच्या इंजिनात ध्वनी-डिकोडर बसवायचा म्हटलं की बहुतेक जण सगळा विचार डिकोडरवर खर्च करतात आणि स्पीकर उरलेल्या कोपऱ्यात कोंबतात. हा क्रम उलटा व्हायला हवा, असं आमचं ठाम मत आहे.

स्पीकरचा पडदा पुढे सरकला की मागची हवा विरळ होते. पुढची आणि मागची लहर मोकळी भेटली की एकमेकींना मारतात, आणि पहिल्यांदा जातो तो खर्ज. म्हणून मागे हवाबंद डबी हवीच. ११ बाय १५ मिलिमीटरचा 'शुगर क्यूब' स्पीकरसुद्धा नीट डबीत बसवला, तर उघड्यावर ठेवलेल्या मोठ्या स्पीकरपेक्षा भरीव वाजतो. डबी स्टायरीनची करा किंवा थ्रीडी प्रिंट करा; वायरचं भोकही चिकटवून बुजवा. आळस होतो तो नेमका तिथेच.

एचओ प्रमाणातलं डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन घ्या. मूळ इंजिन सतरा मीटरहून थोडं लांब, म्हणजे १:८७ प्रमाणात जेमतेम २० सेंटिमीटर. मॉडेलमधला वजनाचा तुकडा कापून स्पीकरला जागा काढण्याचा मोह होतो. पण मग चढावर डबे ओढताना चाकं घसरतात. त्याऐवजी डिझेलची टाकी पाहा, नाहीतर लांब हुडाचं रेडिएटरकडचं टोक. तिथली जाळी कोरून आरपार केली, तर आवाजाला वाटही मिळते.

आवाजही त्याच इंजिनाचा हवा. डब्ल्यूडीएम-२ मध्ये अल्कोचं १६ सिलिंडरचं, चार-स्ट्रोक २५१ इंजिन. डब्ल्यूडीजी-४ मधलं ईएमडी ७१० दोन-स्ट्रोक. घोरपडीच्या डिझेल शेडजवळ राहिलेल्या माणसाला आयडलिंगवरच फरक कळतो. या बाबतीत तडजोड नको.

जोडणी सोपी आहे. मोटरचे दोन्ही ब्रश चासीपासून विलग आहेत का, हे मल्टिमीटरने पाहा. लाल-काळी वायर रुळाकडची, नारिंगी-करडी मोटरची. पहिली चाचणी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर घ्या; तिथे करंट मर्यादित असल्याने चुकीची जोडणी सहसा डिकोडर जाळत नाही. जुना डिकोडर वापरणाऱ्यांनी ओहम जरूर तपासावेत: लोकसाउंड ३.५ ला १०० ओहमचा स्पीकर लागतो, त्यावर ८ ओहमचा लावला तर ॲम्प्लिफायर जातो.

शेवटी आवाजाची पातळी. लोकसाउंड डिकोडरमध्ये ती सीव्ही ६३ या सेटिंगमध्ये असते. ती वर्कबेंचवर ठरवू नका. इंजिन लेआउटवर ठेवा, आणखी दोन-तीन इंजिनं चालू करा, दोन मीटर मागे उभे राहा आणि शेजारच्या माणसाशी साध्या आवाजात बोलता येईपर्यंत आकडा खाली आणत राहा.