कोळ्याच्या नावावर कुणाची पापं खपवताय?

भात निसवून कापणी तोंडावर आली की आमच्या पालीच्या आजूबाजूला एक वाक्य हमखास कानावर येतं, "रात्री अंगावर कोळी मुतला." मानेवर लाल पट्टा, त्यावर फोड, नुसती आग. ग्रुपवर फोटो पडतो आणि खाली सल्ले सुरू: चुना लावा, हळद लावा, बांधावर औषध मारून टाका.

अहो, कोळी मुतून फोड येत नाहीत. हा उद्योग पेडेरस नावाच्या किड्याचा. मुंगीसारखा लांबट, नारिंगी-काळा, रात्री दिव्यावर येतो. तो चावतसुद्धा नाही. झोपेत आपणच त्याला अंगावर चिरडतो, त्याचा रस कातडीला लागतो आणि एक-दोन दिवसांत भाजल्यासारखं उठतं. दिसला तर फुंकर मारून उडवा. चिरडलाच तर साबणाने धुवा. (हा किडाही खलाटीत तुडतुडेच खातो, हे जाता जाता.)

फोड काही दिवसांनी बरा होतो. जीव जातो तो दुसऱ्याच ठिकाणी. मण्यार रात्री खाली जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. फारसं दुखत नाही, सूज नाही, खूण शोधून सापडत नाही. "कोळी-बिळी चावला असेल" म्हणत माणूस कूस बदलतो. पहाटे पोटात कळा, मग पापण्या उचलत नाहीत, जीभ जड, श्वास अडकायला लागतो. तोवर घरचे हळदच उगाळत असतात! रात्री काही चावल्यासारखं वाटलं आणि पोट दुखायला लागलं, तर कोळ्याचं नाव न काढता १०८ ला फोन लावा आणि सर्पदंशाची लस असलेला सरकारी दवाखाना गाठा. पापणी पडायची वाट बघू नका.

विंचवाचंही तेच. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडले की घरी थांबायचं नाही. आपल्याच जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिनची गोळी वापरून किती जीव वाचवले. २०२२ ला पद्मश्री मिळाली त्यांना. आणि आपण अजून मंत्रवाला शोधतोय.

कोळ्याला विष असतं, नाही कोण म्हणतो? पण ते तुडतुड्यापुरतं. बहुतेकांचे दात आपल्या कातडीत शिरतच नाहीत. डोंगरातला मोठा केसाळ कोळी डिवचला तर चावतो, दुखतं, सुजतं, पेटकेही येतात. मग डॉक्टरला दाखवा. पण त्या एकासाठी सगळ्या शेतावर फवारा कशाला?

इथे कृषीवाल्या मंडळींशीही भांडण आहे. झाडाचा रस शोषणाऱ्या बारीक किडीला तुम्ही 'लाल कोळी' म्हणता, तिच्या औषधाला 'कोळीनाशक'. शेतकरी दुकानातून तेच आणतो आणि जाळं विणणाऱ्यावर मारतो. नाव तरी बदला की!

१९८६ ला इंडोनेशियाने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर एका फटक्यात बंदी घातली. कारण हेच. फवाऱ्याने कोळी आणि बाकीचे मित्रकीटक मेले आणि तपकिरी तुडतुडे बेसुमार वाढले.

उद्या सकाळी दव असताना खलाटीत जा, जाळी चमकताना दिसतील. चार-पाच चूड बाजूला करून बुडाशी बघा. तुडतुडे किती, कोळी किती, दोन्ही मोजा आणि आकडे खाली लिहा. पंप त्यानंतर काढू.