राउटर घेण्यापूर्वी घर पाहा

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात एक गोष्ट रोज घडू लागली. रात्रीचं जेवण आटोपलं, इशाची नमाज झाली की आमची थोरली मुलगी मोबाइल आणि वही घेऊन माडीच्या जिन्यावर जाऊन बसायची. ती तेव्हा बारावी सायन्सला होती. जिन्यावर उजेड कमी, डास भरपूर. तरी तास-दीड तास ती तिथून हलत नसे. कुणी जवळून गेलं की दचकून मान वर करायची. अशा वेळी आई-बापाच्या मनात जे येतं तेच आमच्याही मनात आलं. दोन दिवस गप्प राहिलो, तिसऱ्या दिवशी बोललो. जरा जास्तच कडक बोललो. "अभ्यास करायचा तर खोलीत बस. असं लपूनछपून मोबाइल घेऊन बसायचं कारण काय?"

तिने वही पुढे केली. पानभर भौतिकशास्त्राची उदाहरणं सोडवलेली होती. म्हणाली, "अम्मी, खोलीत नेटच येत नाही. पाचव्या पायरीपर्यंत येतं, म्हणून इथे बसते."

वीस वर्षं आम्ही वर्गात शिकवतो आहोत. नव्या शिक्षकांना आम्हीच सांगतो की मूल चुकतंय असं वाटलं तर आधी कारण विचारा, मग रागवा. स्वतःच्या घरात मात्र आम्ही आधी रागावलो. त्या रात्री मुलीची समजूत काढली, आणि दुसऱ्या दिवसापासून राउटरच्या मागे लागलो. त्यात जे शिकलो ते या महिन्यात तुमच्यापुढे ठेवतो. आम्ही शिकलो, पण आधी एक चूक करून.

आमचं घर कोकणातलं, जुनं. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती. पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर, वर माडी. घरात फायबरचं कनेक्शन आलं तेव्हा वायरमनने त्याला सोयीचं पडलं तिथे, म्हणजे ओटीच्या दाराजवळ भोक पाडलं आणि तिथेच खोका बसवला. आम्हीही काही बोललो नाही. परिणाम असा झाला की घरातलं सगळ्यात चांगलं नेट ओटीवर, जिथे टीव्ही आहे आणि पाहुणे बसतात. माजघरात दादींची खाट, तिथे अर्धंमुर्धं. त्यांचा धाकटा मुलगा दोह्याला असतो. त्याचा व्हिडिओ कॉल आला की चेहरा गोठायचा आणि दादी "हॅलो, हॅलो" करत ओटीकडे चालू लागायच्या. मुलींची माडीवरची खोली सगळ्यात मागे, तिथे काहीच नाही. बिल सगळ्या घराचं, नेट मात्र पुढच्या एका खोलीचं.

आम्ही तालुक्याच्या बाजारात गेलो. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "किती अँटेनाचा देऊ?" आम्हाला काय कळतंय! चार अँटेनाचा, खोक्यावर 1200 असा मोठा आकडा छापलेला घेतला. घरी आणून जुन्या खोक्याच्या शेजारीच, ओटीवर, ऐटीत ठेवला. पूर्वी पाचव्या पायरीपर्यंत येणारं नेट आता आठव्या पायरीपर्यंत गेलं. मुलगी तीन पायऱ्या वर सरकली, एवढाच फरक.

तेव्हा मुलांचे अब्बा म्हणाले, "वर्गात तुमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला नाही तर तुम्ही काय करता? ओरडता, की बाकांच्या मधे जाऊन उभ्या राहता?" बरोबर होतं. आम्ही ओरडणारा राउटर विकत आणला होता आणि त्याला दारात उभं केलं होतं.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे येऊ. 1200 हा आकडा दोन आकड्यांची बेरीज असतो. आजकालचे बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर चालतात, एक 2.4 गिगाहर्ट्झची, दुसरी 5 गिगाहर्ट्झची. आमच्या राउटरचे पहिल्या पट्टीवर 300 आणि दुसऱ्या पट्टीवर 867. बेरीज 1167, ती गोल करून 1200. पण आपला मोबाइल एका वेळी साधारण एकाच पट्टीवर असतो, आणि हे आकडे कागदावरचे. भिंती, अंतर आणि शेजारपाजार धरला की हातात त्याहून पुष्कळ कमी पडतं. शिवाय राउटर कितीही मोठा घेतला तरी बाहेरून येणारं नेट तुमच्या प्लॅनएवढंच येणार. नळाला मोठी तोटी लावली म्हणून टाकीतलं पाणी वाढत नाही.

प्लॅनचाही हिशेब घालून पाहा. चांगल्या प्रतीचा व्हिडिओ पाहायला साधारण 5 एमबीपीएस पुरतात, व्हिडिओ कॉलला त्याहून कमी. म्हणजे पाच माणसांच्या घराला 40 एमबीपीएसचा प्लॅन बहुधा पुरतो. नेट अडतंय म्हटल्यावर "मोठा प्लॅन घ्या" असा सल्ला लगेच मिळतो. त्याआधी एक परीक्षा करा. राउटरच्या जवळ उभं राहून वेग मोजा, मग अडचणीच्या खोलीत मोजा. जवळ पूर्ण आणि खोलीत शून्य असेल तर दोष प्लॅनचा नाही. दरमहा दोनशे-तीनशे रुपये जास्त भरून भिंत पातळ होत नाही. जवळसुद्धा वेग कमी असेल तर मात्र कंपनीला फोन करा.

दोन पट्ट्यांचा स्वभाव वेगळा आहे. 2.4 ची पट्टी लांब जाते, भिंती बऱ्यापैकी पार करते, पण तिच्यावर गर्दी फार आणि वेग कमी. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्टीत कुरबुर करतो. 5 ची पट्टी वेगवान, पण भिंती लागल्या की लवकर दमते. म्हणून घराप्रमाणे उत्तर बदलतं. आमच्यासारख्या चिऱ्याच्या घरात 2.4 चाच आधार. पण मुंब्र्यात किंवा कोंढव्यात इमारतीत राहत असाल तर तुमच्या भिंतीपलीकडे चारी बाजूंनी शेजाऱ्यांचे राउटर आहेत. 2.4 च्या पट्टीत एकमेकांवर न चढणारे रस्ते तीनच. 1, 6 आणि 11. बाजाराच्या दिवशी अरुंद गल्लीत जे होतं तेच तिथे होतं. अशा घरांना 5 ची पट्टी हवीच. ती भिंतीपलीकडे फार जात नाही हा तिचा दोषच तिथे गुण ठरतो, कारण शेजाऱ्याचीही तुमच्याकडे फार येत नाही. तेव्हा दोन्ही पट्ट्यांचा, म्हणजे ड्युअल बँड राउटर घ्या. एकाच पट्टीचा थोडा स्वस्त मिळतो, त्याच्या नादी लागू नका.

दुकानात आणखी चार गोष्टी विचारा.

पहिली, पिढी. 2018 पासून वायफायच्या पिढ्यांना साधे आकडे दिले गेले आहेत. वायफाय 5 हे 5 च्या पट्टीपुरतंच सुधारलेलं आहे. वायफाय 6 दोन्ही पट्ट्यांवर चालतं आणि घरात मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप अशी दहा-पंधरा यंत्रं असली तर त्यांना वाटणी नीट करून देतं. आज नवीन घेणार असाल आणि हजारभर रुपये जास्त देणं जमत असेल तर वायफाय 6 घ्या. जुने मोबाइल त्यावर चालतातच. पण घरातले सगळेच मोबाइल जुने असतील आणि पैसे मोजके असतील तर वायफाय 5 चा ड्युअल बँड घेण्यात काही कमीपणा नाही.

दुसरी, मागची भोकं. राउटरला वायर जिथे लागते त्याला पोर्ट म्हणतात. कमी किमतीच्या कित्येक राउटरांवर 1200 लिहिलेलं असतं आणि पोर्ट मात्र 100 एमबीपीएसचेच असतात. तुमचा प्लॅन 100 च्या वर असेल तर बाकीचं नेट दारातच अडणार. "गिगाबिट पोर्ट आहेत का?" एवढंच विचारा. दुकानदार खोका उलटा करून वाचायला लागेल.

तिसरी, कुलूप. वायफायच्या कुलपाचं नाव डब्ल्यूपीए. 2 चालेल, 3 उत्तम. घरी आणल्यावर चिकटपट्टीवर छापून आलेले दोन्ही पासवर्ड बदला. एक वायफायचा आणि दुसरा राउटरच्या सेटिंगचा. दुसरा बदलायचा बहुतेक घरांत राहूनच जातो. डब्ल्यूपीएस नावाचं बटणाने जोडण्याचं साधन बंद करा. आणि 'गेस्ट नेटवर्क' आहे ना ते पाहा. ईदला घरभर पाहुणे येतात, शेजारची मुलं पासवर्ड मागतात. नाही म्हणवत नाही. त्यांना वेगळं नेटवर्क द्या. ईद झाली की त्याचा पासवर्ड बदला. नाही म्हणायची वेळही येत नाही आणि आपल्या घरातला लॅपटॉप, त्यातले कागदपत्र, आपल्यापुरतेच राहतात.

चौथी, वीज. लाइट गेली की नेट गेलं, ही पावसाळ्यातली नेहमीची तकलीफ. राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. बहुतेक 12 व्होल्टचे असतात, काही 9 चे. त्या मापाचा छोटा मिनी यूपीएस बाजारात मिळतो. पण लक्षात ठेवा, फायबरचा खोका आणि राउटर दोन्ही चालू राहिले तरच नेट चालू राहतं. दोघांचे आकडे लिहून घेऊनच यूपीएस आणा.

अँटेना किती, हा प्रश्न यात कुठेच आला नाही. तो शेवटचा प्रश्न आहे.

आता आमच्या घरात काय केलं ते सांगतो. नवा राउटर परत केला नाही, कारण राउटर वाईट नव्हताच. मुलीने वहीच्या पानावर घराचा नकाशा काढला. मोबाइल घेऊन ती आणि धाकटा भाऊ घरभर फिरले आणि प्रत्येक खोलीतला वेग नकाशावर लिहिला. लोखंडी कपाटामागे आकडा एकदम पडला, पाण्याच्या टाकीजवळ पडला, आणि माजघराच्या भिंतीनंतर संपलाच. नकाशा पाहिल्यावर उत्तर आपोआप मिळालं. फायबरचा खोका ओटीवर तसाच ठेवला. तिथून कॅट 6 ची पंधरा मीटर वायर माळ्यावरून आत नेली आणि राउटर माजघराच्या वर, जिन्याच्या तोंडाशी उंच फळीवर ठेवला. अँटेना उभ्या ठेवल्या, कारण उभ्या अँटेनाचं नेट आडवं पसरतं. दोन मात्र थोड्या तिरक्या केल्या, वरच्या खोलीसाठी. राउटर 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून चालवायची सोय सेटिंगमध्ये असते, ती लावली. वायर आणि वायरमनची मजुरी मिळून खर्च राउटरच्या निम्म्याहून कमी आला.

वायर नको म्हणून पुष्कळ जण रिपीटर आणतात. आम्हालाही दुकानदाराने तोच सुचवला होता. रिपीटर म्हणजे वर्गातला मॉनिटर. बाईंचं वाक्य आधी ऐकतो, मग मागच्यांना सांगतो. साध्या रिपीटरला ऐकणं आणि सांगणं एकाच पट्टीवर करावं लागतं, म्हणून वेग जवळपास अर्धा होतो. आणि जिथे नेट येतच नाही तिथे तो लावला तर तो तरी काय ऐकणार? भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नसेल तर रिपीटर वाटेतल्या खोलीत, जिथे नेट अजून चांगलं आहे तिथे ठेवा. घर स्वतःचं असेल तर एकदाच वायर ओढा. शंभर मीटरपर्यंत ती वेग कमी होऊ देत नाही.

वायर ओढल्याच्या रात्री दादींनी खाटेवर बसूनच दोह्याला कॉल केला. चेहरा एकदाही गोठला नाही. नातवाला दात आला तो त्यांनी नीट पाहिला. मुलगी तिच्या खोलीत, टेबलाशी, दिव्याखाली बसली होती. आम्ही चहा घेऊन वर गेलो तेव्हा तिने मान वर केली, पण दचकून नाही.

राउटर बाजारातून आणण्यापूर्वी एक रविवार घराला द्या. मुलांच्या हातात कागद-पेन्सिल द्या, खोल्या मोजू द्या. आणि घरात कुणी जिन्यावर, गच्चीवर, दाराच्या उंबरठ्यावर मोबाइल घेऊन बसत असेल, तर रागावण्याआधी त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, "इथेच का रे?"