कुणाचं घर, कुणाचं नाव

दिवाळीनंतर दहा दिवस भाचीकडे इंदूरला राहून आले. तिचं घर पलासियात. सकाळी पाय मोकळे करायला निघालं की पाच-दहा मिनिटांत छप्पन दुकान, आणि लांबूनच पोहे-जिलेबीचा वास. आपण पोह्यांवर ओलं खोबरं घालतो, तिकडे शेव आणि जिरावन. इंदूरची मराठीही तशीच, वरून हिंदीची शेव पेरलेली. होळकरांच्या काळापासून तिथं मराठी घरं आहेत, त्यामुळे परकं असं वाटत नाही. त्यातून आमचे जावई धारवाडचे. पाच वर्षांची नात मला हाक मारते ती अशी : "आजी, इल्ली बा, देखो!" तीन भाषा एका दमात. आपल्या सीमाभागातल्या घरांना याचं काय नवल?

पण आज लिहायचं आहे ते निराळंच. भाची आणि जावई मिळून तळमजल्यावर एक लहानसं ऑफिस चालवतात. चार मुलं कामाला आहेत. काम नकाशांचं. सध्या एका गावातल्या घरांचा आणि नळजोडण्यांचा नकाशा चालू आहे. त्याला जीआयएस म्हणतात. मी भाचीला म्हटलं, "अगं, मला समजेल असं सांग." ती म्हणाली, "मावशी, नकाशा आणि नोंदवही यांचं लग्न लावायचं. नकाशातल्या घरावर बोट ठेवलं की मालकाचं नाव, घर नंबर, नळ आहे की नाही, सगळं समोर यायला हवं." मला पटलं. लग्न म्हटल्यावर पुढे भांडण आलंच, हेही ओघानं आलं.

ते भांडण मी तिथं असतानाच झालं. मंगळवारची दुपार. नकाशाच्या छापील प्रती घेऊन एक मुलगा त्या गावात घरोघर पडताळणी करत होता. त्याचा फोन आला. एका आजीबाईंनी त्याला दारातच अडवलं होतं. "बेटा, घर मेरा, नाम किसी और का?" त्यानं शेजारचं घर पाहिलं. तिथंही नाव भलत्याचंच. पलीकडचं पाहिलं, तेच. वॉर्डात बाराशेच्या वर घरं, आणि जिथं बघावं तिथं नाव दुसऱ्याचं.

जावई ताडकन उठले. "एनाय्तु?" घाबरले की ते कन्नडवर येतात. संगणकासमोर बसून घरांवर एकेक क्लिक करत ते स्वतःशीच पुटपुटत होते, "यार मनी, यार हेसरु..." कुणाचं घर आणि कुणाचं नाव!

संध्याकाळपर्यंत उलगडा झाला. ऑफिसातला सगळा नकाशा एका सामाईक ड्राइव्हवर असतो. म्हणजे कोपऱ्यात एक पेटी, तिला वायरनं सगळे संगणक जोडलेले, आणि प्रत्येकाला आतलं सगळं उघडं. आपल्या जुन्या वाड्यातलं सामाईक कोठार आठवा, तसंच. नकाशा ठेवला होता शेपफाइल या पद्धतीनं. अमेरिकेतल्या एसरी कंपनीनं ही पद्धत १९९०च्या दशकात आणली आणि आजही ती जगभर चालते. नाव जरी एक असलं तरी ती एक फाइल नव्हे. निदान तीन फाइली लागतात. एकीत घरांचे आकार, दुसरीत त्या आकारांची सूची, तिसरीत मालकांची नावं आणि बाकी माहिती. चौथी असते ती नकाशा पृथ्वीवर नेमका कुठं बसवायचा ते सांगणारी. (गंमत म्हणजे या हिशेबात इंदूर आणि आपलं बेळगाव एकाच पट्ट्यात येतात, क्रमांक ४३. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशाचा हा पट्टा.)

आता खरी मेख ऐका. आकारांच्या फाइलीला नाव ठाऊक नसतं. तिला फक्त क्रम कळतो. पहिल्या ओळीतलं नाव पहिल्या घराला, दुसऱ्या ओळीतलं दुसऱ्याला. पंगतीत पानं मांडलेली असतात आणि माणसं ओळीनं बसतात, तसं. एका नव्या मुलानं चांगल्या हेतूनंच नावांची ती फाइल हिशेबाच्या तक्त्यात उघडली. शोधायला सोपं जावं म्हणून नावं वर्णानुक्रमे लावली आणि तशीच परत ठेवून दिली. पानं होती तिथंच राहिली, माणसं मात्र उठून भलत्याच पानांवर बसली. संगणकानं एका अक्षरानं तक्रार केली नाही.

"रोज रात्री प्रत काढता ना तुम्ही?" मी विचारलं. भाचीचा चेहरा उतरला. प्रत निघत होती, पण रोज आदल्या दिवशीच्या प्रतीवरच. चूक होऊन तीन दिवस झाले होते, म्हणजे प्रतीतही आता चूकच होती. तशा त्या ड्राइव्हवर आणखी प्रती सापडल्या. 'अंतिम', 'अंतिम दोन', 'खरे अंतिम'. एक ना धड, भाराभर चिंध्या! शेवटी एका मुलाच्या लॅपटॉपवर आठ दिवसांपूर्वीची धड प्रत मिळाली. मधल्या आठ दिवसांचं काम मुलांनी घरोघर हातानं लिहून आणलेल्या कागदांवरून दोन रात्री जागून पुन्हा भरलं. कागद जपून ठेवले होते म्हणून निभावलं.

त्या नव्या मुलाला रागावायला मीच पुढे झाले होते. जावयांनी थांबवलं. म्हणाले, "मावशी, दार आम्ही उघडं ठेवलं. तो आत शिरला, यात त्याचं काय चुकलं?"

वाचकहो, हे सगळं मला इतकं का लागलं, ते सांगते. आमच्या घरच्या जमिनीची पोडी झाली, म्हणजे भावाभावांचे हिस्से वेगळे मोजून नंबर पडले, तेव्हा एका कचेरीत दोन हिश्श्यांच्या नावांची अदलाबदल झाली. आमच्या तुकड्यावर चुलत दिरांचं नाव आणि त्यांच्या तुकड्यावर सासूबाईंचं. भांडण कुणाचंच नव्हतं. दोन्ही घरं म्हणत होती, चूक आहे, दुरुस्त करा. तरी वर्षानुवर्षं खेपा झाल्या. सासूबाई प्रत्येक वेळी विचारायच्या, "लागलं का गं माझं नाव?" नाव लागलं तेव्हा त्या नव्हत्या. एका ओळीची चूक, पण तिच्या खाली एक माणूस असतं. त्या आजीबाईंनी दारातच अडवलं म्हणून बरं. नाहीतर नळाची पट्टी एकाची आणि पावती दुसऱ्याची, असं किती वर्षं चाललं असतं कोण जाणे.

जुन्या लोकांना हे कळत होतं. गावचं दप्तर कुलकर्ण्याकडे. कन्नड मुलखात त्यालाच शानभोग म्हणत. दप्तर वाचून दाखवा म्हणायला कुणीही यावं, पण लेखणी एकाच्या हाती. त्यातही लबाडी व्हायची, हे आपल्या आज्या-पणज्यांनी सोसलेलंच आहे. म्हणून नुसतं एकाच्या हाती देऊन भागत नाही, कुणी काय आणि कधी लिहिलं हेही दिसावं लागतं. कर्नाटकात २००० सालच्या सुमारास 'भूमी' योजना आली, तेव्हा सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या दोन कोटी पहाण्या संगणकावर गेल्या. (आपला सातबारा, तिकडची पहाणी. शब्द मात्र आपल्या 'पाहणी'चाच भाऊ.) पंधरा रुपयांत पहाणी हातात पडायची, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या योजनेत नोंद बदलणाऱ्या अधिकाऱ्याला आधी बोटाचा ठसा द्यावा लागे आणि अर्ज आले त्याच क्रमानं घ्यावे लागत. गोष्ट साधी, पण सगळं मर्म त्यातच आहे.

भाचीनं आता काय केलं, तेही सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांची मुलं बेंगळूरला, पुण्याला अशाच कामात आहेत. पहिल्यांदा तिला वाटलं, तीन-चार फाइलींऐवजी एकच घ्यावी. जिओपॅकेज नावाची पद्धत २०१४ साली मान्य झाली आहे. त्यात सगळं एकाच फाइलीत राहतं, त्यामुळे नावं सुटी काढून क्रम बिघडवायचा प्रश्न मिटतो. देवनागरी आणि कन्नड अक्षरांचीही सोय होते. शेपफाइलीत रकान्याच्या नावाला दहाच जागा, आणि आपलं एकेक अक्षर तीन जागा खातं. म्हणजे 'मालक' लिहायलाच चार चिन्हं, बारा जागा! मावतच नाही.

पण जावयांनी हात आडवा घातला. ही एक फाइलसुद्धा सामाईक ड्राइव्हवर ठेवून चौघांनी एकदम लिहायची नाही. तिच्या पोटात एसक्यूलाइट नावाची यंत्रणा असते, आणि ज्यांनी ती केली तेच बजावतात की नेटवर्कवरच्या ड्राइव्हवर कुलपाचा भरवसा धरू नका. एकजण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवणारं जे कुलूप, ते वायरीच्या पलीकडे नीट लागेलच असं नाही. शिवाय काम चालू असताना शेजारी आणखी दोन छोट्या फाइली तयार होतात. ताजं लिखाण त्यांत असतं. तेव्हा कुणी मुख्य फाइल तेवढी उचलून प्रत काढली, तर ताजं काम मागेच राहतं.

मग त्यांनी खरा कारकून नेमला. माणूस नव्हे, पोस्टजीआयएस नावाचा डेटाबेस. २००१ साली कॅनडातल्या एका कंपनीनं तो आणला, आणि तो फुकट मिळतो. आता कोठाराला दार आहे आणि दाराशी कारकून बसला आहे. आत हात घालायची परवानगी कुणालाच नाही. प्रत्येकानं आपल्या नावानं यायचं, काय लिहायचं ते सांगायचं. लिहील तो कारकून, आणि लिहीन तर पुरतं लिहीन, नाहीतर मुळीच नाही, हा त्याचा बाणा. वीज मध्येच गेली तर अर्धवट नोंद राहत नाही. घराचा आकार आणि मालकाचं नाव एकाच ओळीत बांधलेलं, वेगळं करताच येत नाही. कुणी कोणती नोंद कधी बदलली, याची वेगळी वहीही भाचीनं त्यात लावून घेतली.

"मग आता काळजी मिटली?" मी विचारलं. ती हसली. "नाही गं मावशी. दोघांनी एकच घर एकदम उघडलं तर शेवटी जतन करेल त्याचंच टिकतं. म्हणून वॉर्ड वाटून दिलेत. ज्याचा वॉर्ड त्यानंच लिहायचं, बाकीच्यांनी फक्त बघायचं." प्रतीही आता तारीखवार निघतात. एकीवर दुसरी चढत नाही, आणि एक प्रत ऑफिसाबाहेर असते. महिन्यातून एकदा ती प्रत कोऱ्या संगणकावर उतरवून उघडते का, ते पाहायचं ठरलं आहे. न उघडलेली प्रत म्हणजे न चाखलेलं लोणचं. बरणी भरलेली दिसते, आत काय झालंय देव जाणे.

निघायच्या आदल्या दिवशी जावई मला त्या गावी घेऊन गेले. आम्ही पलासिया चौकातून निघालो तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली. पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश माणसानं इंदूर दरबारासाठी शहराच्या रचनेचा मोठा अहवाल लिहिला, तो १९१८ साली छापला गेला. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्याचा आग्रह. शहर पायी हिंडल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. जावई म्हणाले, "आमची चूक संगणकानं पकडली नाही मावशी, दारावर गेल्यावर पकडली गेली."

आजीबाई ओट्यावर बसल्या होत्या. जावयांनी नवा छापलेला कागद पुढे धरला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी नातवाला हाक मारून नाव मोठ्यानं वाचायला लावलं, एकदा नव्हे, दोनदा. मग "हां, अब ठीक है" म्हणून आम्हाला चहा घ्यायला बसवलं.

बेळगावला परतल्यावर पहिल्या रविवारी भाचीचा फोन आला. प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवली, उघडली, घरं मोजली, सगळी जागेवर. मी फोन ठेवला आणि कपाट उघडलं. आमच्या पहाणीचे, पोडीचे, वाटणीचे कागद एकाच पिशवीत, एकाच घरात, आणि त्यांची दुसरी प्रत कुठंच नाही. लगेच धाकट्या जाऊबाईंना फोन लावला. येत्या शनिवारी त्या येणार आहेत. एक प्रत त्यांच्याकडे, एक आमच्याकडे, आणि प्रत्येक कागदावरचं नाव दोघींनी मोठ्यानं वाचून पाहायचं, असं ठरलं आहे. तुमची पिशवी कुठं आहे, तेही एकदा बघून ठेवा.