अडले कुठे, तेवढे सांगा

गेल्या हिवाळ्यात काही दिवस काशीला राहण्याचा योग आला. उतरलो होतो दुर्गाघाटाच्या गल्लीतील एका मराठी कुटुंबाकडे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा घाट हा परिसर म्हणजे काशीतली जुनी मराठी वस्ती. घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर बनारसी हिंदी, हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. त्या मुक्कामात या घरातील दोन कामे अडलेली पाहिली. एक होते नातीचे आणि दुसरे आजींचे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. परंतु आयुष्य सरकारी फायलींमध्ये घालवलेल्या माझ्यासारख्याला त्यांत एकच प्रश्न दिसला, म्हणून हा लेख.

नात एम.एस्सी. करते. अमेरिकेतल्या मामाने आपला वापरलेला लॅपटॉप तिला दिला होता. तिने त्यावर एका जुन्या पेन-ड्राइव्हवरून डेबियन ही मुक्तस्रोत प्रणाली बसवली होती. सारे काही चाले, फक्त वाय-फाय चालत नसे. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटे पाहून निकाल दिला, "इसमें नहीं चलेगा. सब उड़ाकर विंडोज डलवा लीजिए, नहीं तो नया ले लीजिए." लॅपटॉपमध्ये तिचे सहा महिन्यांचे काम होते आणि नवा घेण्याची ऐपत नव्हती.

आजींचे दुखणे वेगळे. आजोबा सरकारी नोकरीत होते. त्यांच्या पश्चात मिळणारे कुटुंब-निवृत्तिवेतन तीन महिन्यांपासून बंद झाले होते. कार्यालयात चार खेपा झाल्या. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "सिस्टम नहीं ले रहा है."

आता गंमत पाहा. "चालत नाही" आणि "सिस्टम घेत नाही" ही दोन्ही उत्तरे वरकरणी कारणासारखी वाटतात, पण ती कारणे नव्हेत. काम झाले नाही हे तर आम्हांलाही दिसतेच आहे. ते कुठे अडले, एवढेच आम्ही विचारत आहोत.

मी काही संगणकतज्ज्ञ नाही. परंतु फाईल अडली की ती कोणत्या टेबलावर आहे ते शोधावे, एवढे चाकरीत शिकलो आहे. नातीला म्हटले, "तुझ्या वाय-फायची फाईल आपण टेबलाटेबलाने शोधू." बिनतारी जोडणीच्या वाटेवर साधारण पाच टेबले असतात. वाचकांपैकी कुणाला उपयोग होईल म्हणून क्रमाने देतो.

1. यंत्र ओळखले गेले का? 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली की आत बसवलेल्या चिपांची यादी मिळते आणि कोणती चिप कोणत्या ड्रायव्हरकडे सोपवली आहे तेही कळू शकते. चिप यूएसबीवर असेल तर आज्ञा 'एलएसयूएसबी'.

2. कुणी बंद तर केले नाही ना? 'आरएफकिल' ही आज्ञा सांगते की रेडिओ कळ दाबून बंद आहे की आज्ञावलीने. अनेकदा सारा घोटाळा एका कळीचा असतो.

3. चिपला तिचे फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारी छोटी आज्ञावली, मिळाली का? पुष्कळ वाय-फाय चिपांना ती दर वेळी संगणक सुरू होताना बाहेरून भरवावी लागते. 'डीमेसेज' या आज्ञेने प्रणालीची रोजनिशी उघडते. तिच्यात न मिळालेल्या फाईलचे नावसुद्धा लिहिलेले असते.

4. आसपासची नेटवर्के दिसतात का, आणि आपलेही दिसते का?

5. जोडणी झाल्यावर पत्ता मिळाला का? अंकी पत्त्याला हाक दिली तर उत्तर येते, पण संकेतस्थळाच्या नावाला येत नाही, असे असेल तर दोष वाय-फायचा नसून बहुधा नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या व्यवस्थेचा, म्हणजे डीएनएसचा असतो.

पहिली दोन टेबले मोकळी निघाली. तिसऱ्यावर फाईल सापडली. रोजनिशीत स्पष्ट लिहिले होते की अमुक नावाचे फर्मवेअर मिळाले नाही. कारण असे की डेबियनच्या अधिकृत प्रतिष्ठापन-संचात पूर्वी केवळ मुक्त आज्ञावलीच असत, आणि चिप बनवणाऱ्यांचे फर्मवेअर बहुधा मुक्त नसते. ते महाजालावरून उतरवून घ्यावे, तर महाजालासाठी वाय-फाय हवे! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातलाच प्रकार. पत्त्याच्या पुराव्यासाठी शिधापत्रिका आणि शिधापत्रिकेसाठी पत्त्याचा पुरावा मागणारी खिडकी ज्याने पाहिली आहे, त्याला हे चक्र नवे नाही. डेबियनच्या मंडळींनी 2022 मध्ये यावर मतदान घेतले आणि 2023 च्या बाराव्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर अधिकृत संचात दिले. तत्त्वाला थोडी मुरड घातली, पण का घातली ते चर्चा आणि मतांसह जाहीर मांडले. आम्ही मात्र मोबाईल यूएसबी तारेने जोडला, त्याचे इंटरनेट तात्पुरते लॅपटॉपला दिले आणि ती फाईल उतरवली.

लॅपटॉप पुन्हा सुरू केला. शेजाऱ्यांची नेटवर्के दिसू लागली, पण घरचे काही दिसेना. मोबाईलला दिसते आणि लॅपटॉपला दिसत नाही, हे कसे? हे चौथे टेबल, आणि इथली अडचण शुद्ध प्रशासकीय निघाली! वाय-फायची 2.4 गिगाहर्ट्‌झची पट्टी वाहिन्यांमध्ये विभागलेली असते आणि कुठल्या देशात कोणत्या वाहिन्या वापरायच्या हे तिथले सरकार ठरवते. आपल्याकडे 1933 च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार अशा उपकरणाला परवाना लागे. जानेवारी 2005 च्या नियमांनी 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्‌झ ही पट्टी कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाली. त्यात तेरावी वाहिनी बसते. अमेरिकेत मात्र सामान्यतः अकरापर्यंतच वापर होतो. घरच्या राउटरने गल्लीतील गर्दी टाळण्यासाठी आपण होऊन तेरावी वाहिनी निवडली होती, आणि अमेरिकेहून आलेल्या लॅपटॉपच्या चिपमध्ये देश कोरलेला होता अमेरिका. बदली होऊन काशीत आला, पण अधिकारक्षेत्र जुन्याच जिल्ह्याचे! 'आयडब्ल्यू रेग गेट' या आज्ञेने हेही सांगून टाकले. देश बदलून भारत केला, तरी चिपमधील नोंद वरचढ ठरली. शेवटी राउटरची वाहिनी तेरावरून सहावर आणली आणि काम झाले. एक पैसा खर्च झाला नाही आणि काही पुसावेही लागले नाही.

कुणी म्हणेल, विंडोज असते तर एवढा खटाटोप करावा लागला नसता. यात तथ्य आहे. तिच्यासाठी चिप बनवणाऱ्या कंपन्या स्वतः ड्रायव्हर देतात. मुक्तस्रोत प्रणालीसाठी असे सहकार्य अनेक कंपन्यांकडून उशिरा मिळाले. अ‍ॅथेरॉसने 2008 मध्ये आणि ब्रॉडकॉमने 2010 मध्ये नव्या चिपांचे खुले ड्रायव्हर दिले. तोवर स्वयंसेवकांनी काही चिपांचे वर्तन बाहेरून तपासून ड्रायव्हर लिहिले होते. मात्र तेराव्या वाहिनीची अडचण विंडोजवरही आलीच असती, कारण देश चिपमध्येच कोरलेला होता. तेव्हा माझा मुद्दा अमुक प्रणाली चांगली आणि तमुक वाईट असा नाही. अडलेल्या कामाचे कारण वापरणाऱ्यासमोर उघडे ठेवावे, हा आहे. मुक्तस्रोत प्रणाली अडते, पण कुठे अडली ते लिहून ठेवते आणि ती रोजनिशी मालकाला वाचू देते.

हीच अपेक्षा नागरिकाने शासनाकडून का करू नये? कायदे तर आहेत. 2005 च्या माहिती अधिकार अधिनियमाचे कलम 4(1)(घ) सांगते की प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना द्यावीत. कुणी मागितल्यावर नव्हे, तर आपण होऊन द्यावीत. महाराष्ट्राच्या 2005 च्या बदल्या व विलंब-प्रतिबंध अधिनियमानुसार साधारणतः कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. 2015 पासून राज्यात लोकसेवा हक्क अधिनियमही आहे. तरीही खिडकीवरचे उत्तर "सिस्टम घेत नाही" हेच असते. संगणक आल्यावर तर हे उत्तर अधिक सोयीचे झाले. पूर्वी बाबू म्हणे, "साहेब नाहीत." साहेब निदान परत तरी येत असत. सिस्टमला नाव नाही, टेबल नाही आणि रजाही नाही.

आजींसाठी नातीने एक साधा अर्ज लिहिला. त्यात तक्रार केली नाही, फक्त तीन प्रश्न विचारले. प्रकरण सध्या कोणत्या टप्प्यावर आहे? त्या टप्प्यावर प्रणाली नेमका कोणता संदेश दाखवते? तो दूर करण्यासाठी आम्ही काय द्यावे? मी महाराष्ट्रात परतल्यावर तिचा फोन आला, "काका, उत्तर आलं!" आजींचे नाव दोन नोंदींत दोन वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिलेले होते. एका प्रतिज्ञापत्राचे काम. हा संदेश पडद्यावर तीन महिने दिसतच असणार, पण पडद्याचे तोंड आजींकडे नव्हते.

यातून शासनासाठी तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, संगणकीकृत सेवेत अर्ज अडला की अडल्याचे कारण अर्जदाराला त्याच्या भाषेत आपोआप कळावे. डीमेसेजची रोजनिशी उघडी असली तरी तिची इंग्रजी परिभाषा सामान्यांना कळत नाही, आणि नुसती उघडी ठेवणे म्हणजे समजावणे नव्हे. दुसरी, शासकीय खरेदीच्या निविदेत अशी अट असावी की यंत्रातील प्रत्येक भाग मुक्तस्रोत प्रणालीवरही चालला पाहिजे. सी-डॅकने 2007 मध्ये 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली आणली आणि केंद्राने 2015 मध्ये मुक्तस्रोत आज्ञावलीचे धोरण जाहीर केले. पण यंत्राचे वाय-फायच चालणार नसेल, तर ते धोरण कपाटातच राहील. तिसरी, खिडकीवर बसणाऱ्याला टेबलाटेबलाने दोष शोधण्याचे प्रशिक्षण द्यावे. "होत नाही" हे वाक्य तपासणीच्या सुरुवातीला ठीक आहे, तिच्या शेवटी नव्हे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना हे अधिक जाणवत असेल. परक्या गावात ओळखीचा साहेब नसतो, तिथे लेखी कारण हाच काय तो आधार. म्हणून लॅपटॉपसमोर असा की खिडकीसमोर, "चालत नाही" एवढ्यावर परत फिरू नका. अडले कुठे, ते विचारा आणि लेखी मागा.